बेळगावातल्या अनगोळमधल्या प्लॉटचं विभाजन होत नाही. जोडघर बांधून एक बाजू विकावी का?

भाड्यासाठी खुशाल बांधा, पण एक बाजू विकून पैसे सोडवायचा बेत असेल तर नको. दोन जिने, हेस्कॉमचे (वीज कंपनीचे) दोन मीटर केले तरी खालची जमीन एकच; घेणाऱ्याला मिळतो तो अविभाजित हिस्सा, म्हणजे वेगळा तुकडा नाही, सामाईक मालकीतला वाटा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) ४४ व्या कलमाने त्यालाही वाटणी मागता येते. जागा वाटण्यासारखी नसेल, तर निम्म्या हिश्शाचा मालक १८९३ च्या वाटणी कायद्याखाली अख्खी मिळकतच विकायची मागणी कोर्टात करू शकतो. म्हणजे तुमची बाजूही गेली की! अर्थात तेव्हा त्याचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला घ्यायची मुभा तुम्हाला असते, हाताशी तेवढी रोकड असली तर. आणि भाड्यासाठी बांधलंत, तर बांधकामाचा नकाशा दोन कुटुंबांचा म्हणूनच मंजूर करून घ्या.