वाचकांचे प्रश्न : बोअरिंग शेजाऱ्यांचे, पाणी कोणाचे?

प्रश्न : सुदामा नगरातील आमच्या घरी तीस वर्षांपूर्वीचे बोअरिंग आहे आणि त्याला 200 फुटांवर पाणी होते. मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी 600 फूट बोअर मारले आणि दोन महिन्यांत आमचे आटले. विचारायला गेलो तर म्हणाले, "काका, जमीन आमची, मग तिच्याखालचे पाणीही आमचेच." कायदा खरोखर असा आहे का? आणि असला तर नगर निगमाने नुसते पाहत बसायचे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : शेजाऱ्यांचे बोलणे तुम्हाला उद्धट वाटले असेल, पण ते कायद्याला धरून आहे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 7 मध्ये, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे भूगर्भातील पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा जमीनमालकाचा हक्क उदाहरणादाखल नोंदवलेला आहे. हा विचार इंग्लंडमधून आला. तेथे कोळशाच्या खाणीमुळे एका गिरणीमालकाची विहीर आटली, तेव्हा 1843 मध्ये न्यायालयाने त्याला भरपाई नाकारली. जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा कोणालाच दिसत नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते.

आता त्या वाटा बऱ्याच उमगल्या आहेत. माळव्याचे पठार लाव्हाच्या थरांचे आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात, काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. अखंड पाषाणात ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे 600 फुटांवर वेगळा साठा लागेलच असे नाही. पुष्कळदा वरच्या भेगांतले पाणीच खोल बोअरकडे ओढले जाते. तुमच्याकडे तसेच घडले असावे, मात्र न्यायालयात ते सिद्ध करणे अवघड.

न्यायालयांची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही. नैसर्गिक संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मान्य केले. केरळातील प्लाचिमडा येथील शीतपेयाच्या कारखान्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2003 मध्ये ते भूजलालाही लावले, पण 2005 मध्ये खंडपीठाने निराळा निर्णय दिला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी तर घरगुती वापराच्या वैयक्तिक बोअरला परवानगीतून सूटच दिली. सध्या तुमच्या हाती असलेला उपाय म्हणजे मध्य प्रदेशचा 1986 चा पेयजल परिरक्षण अधिनियम. जिल्हाधिकाऱ्यांनी पाणीटंचाई जाहीर केली, की परवानगीवाचून नवे बोअर मारता येत नाही. हा आदेश सहसा उन्हाळा लागल्यावर निघतो आणि बोअरवाल्यांच्या गाड्या त्याआधीच गल्लीत उभ्या राहतात, ही गोष्ट वेगळी.

आता नगर निगमाविषयी. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने घरगुती पाणीपुरवठा हा नगरपालिकांच्या विषयांत घातला, तर मुळात पाणी हा विषय राज्याकडे आहे. नळाचे उत्तर निगमाकडे मागता येते. बोअरचे उत्तर मागायला गेलो, की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इंदूरच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. नर्मदेच्या पाण्यासाठी झालेल्या 1970 च्या आंदोलनानंतर 1978 मध्ये नदीकाठच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून नर्मदा शहरात आली. तिच्या येण्याने शहर तरले, यात शंका नाही. पण त्याच काळात विहिरी आणि बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, बुजल्या, काहींवर तर फरश्या टाकून त्या झाकल्या गेल्या. 30 मार्च 2023 ला रामनवमीच्या दिवशी अशाच एका बावडीवरचे छत कोसळून 36 जण गेले. उपसून आणलेले पाणी महाग पडते, नळ दिवसाआड येतो, म्हणून ज्याला परवडते तो बोअर मारतो, आणि एकदा घरात बोअर आले की नळाबद्दल भांडायला तो वॉर्डाच्या बैठकीला जात नाही. उरतात टँकरच्या रांगेतले लोक, ज्यांचे म्हणणे फारसे कोणी ऐकत नाही. तुमच्या शेजाऱ्यांवर रागावण्यापेक्षा हे मला अधिक काळजीचे वाटते.

म्हणून गल्लीतल्या सगळ्या बोअरची खोली आणि पाण्याची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर एका वहीत लिहायला लागा. शेजाऱ्यांनाही त्यात घ्या. ती वही घेऊन दहा घरे मिळून पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे, गेलात, तर एकट्याच्या तक्रारीपेक्षा ती टाळणे त्यांना जड जाईल.

प्रश्न : आटलेल्या बोअरमध्ये गच्चीचे पाणी सोडले तर चालेल का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : चालेल, पण गच्ची आधी झाडून घ्या, पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्या आणि नंतरचे गोटे, कोळसा व वाळूच्या गाळणीतूनच आत सोडा. अंगणातले किंवा नालीचे पाणी मात्र कधीही बोअरमध्ये घालू नका, कारण भेगांतून ती घाण शेजारच्या बोअरपर्यंत पोहोचते.