पार्टीचं ड्रॉइंग आणि पोराची गिटार

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमचं लेथचं वर्कशॉप, मुलगा बारावी सायन्सला, राजारामपुरीत चार मित्रांचा रॉक बँड आणि त्यात तो लीड गिटार वाजवतो. आता म्हणतोय, सीईटी देणार नाही, सिनेमाला संगीत द्यायचंय, मुंबईतल्या एका खासगी कोर्ससाठी कर्ज काढा. तुम्ही विचारलंय, ‘बँडमधून सिनेमात जायला खरंच रस्ता आहे, का हा नुसता नाद?’ आणि शेवटी वैतागून लिहिलंय, ‘मदतीला बोलावलं तर लेथचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करत बसतो.’

त्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. टूल बोथट झालं की डोळ्यांआधी तुमच्या कानाला कळतं ना? तोच कान पोराकडे आलाय. त्या रेकॉर्डिंगचं पुढं काय केलंस, हे त्याला एकदा विचारा, आणि जे ऐकवेल ते शेवटपर्यंत ऐका.

रस्ता आहे, आणि चांगला मळलेला आहे. ए. आर. रहमान चेन्नईत बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे, मग जाहिरातींच्या जिंगल्स केल्या आणि 1992 साली पहिला सिनेमा आला. विशाल ददलानी मुंबईच्या पेंटाग्राम या रॉक बँडचे गायक. अमित त्रिवेदी ‘ओम’ नावाच्या बँडमध्ये होते, नाटकांना संगीत देत होते, मग सिनेमात आले. अमेरिकेतले डॅनी एल्फमन रॉक बँडमध्ये गात होते. 1985 साली मोठा सिनेमा हातात आला तेव्हा वाद्यवृंदासाठी लिहायचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. त्यांच्या सुरावटी वाद्यवृंदासाठी मांडायच्या कामात बँडमधलाच गिटारवादक, स्टीव्ह बार्टेक, त्यांच्या बाजूला उभा राहिला, आणि पुढंही अनेक वर्षं राहिला. तेव्हा मुलाच्या बँडमधल्या बाकीच्या तीन मित्रांना ‘टवाळ पोरं’ म्हणू नका. उद्या कामाला तेच येतील.

आणि कोल्हापूरला तर हे नवं नाहीच. 1932 साली प्रभात फिल्म कंपनीनं इथं पहिला मराठी बोलपट काढला, त्याला संगीत दिलं गोविंदराव टेंबे यांनी. त्याआधी ते नाटकाच्या जगातले, हार्मोनियमचे वादक. त्या पिढीला जशी नाटक कंपनी, तसा या पिढीला बँड.

पण मुलाला एक गोष्ट अजून कुणी सांगितलेली दिसत नाही, आणि ती तुमच्याइतकी चांगली त्याला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. बँड म्हणजे स्वतःचा माल. आपल्याला हवा तसा बनवायचा, आवडला तर लोक घेतील. सिनेमाचं संगीत म्हणजे जॉबवर्क. पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, ड्रॉइंग येतं, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, ठरलेला असतो, आणि तुमचा पार्ट दुसऱ्याच्या मशिनमध्ये बसावा लागतो.

उदाहरण देतो. समजा, सीनमध्ये आई पाकीट फोडते आणि अकराव्या सेकंदाला तिला आतला फोटो दिसतो. मुलानं मिनिटाला 120 ठोक्यांचा वेग धरला, आणि चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे एक आवर्तन, मोजलं, तर तो क्षण सहाव्या बारच्या तिसऱ्या ठोक्यावर पडतो, अधांतरी. वेग 109 केला की चार ठोक्यांचे पाच बार बरोबर अकरा सेकंदांत संपतात आणि फोटोवर सम येते. चूक राहते ती सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी. सिनेमाची एक फ्रेम सेकंदाचा चोविसावा भाग असते, त्यामुळं ती कुणाला जाणवत नाही. इतकं मोजूनमापून केल्यावर दिग्दर्शक म्हणू शकतो, ‘इथं काहीच नको, फक्त पंख्याचा आवाज ठेवू.’ तेव्हा आपला सोलो निमूटपणे काढून ठेवता आला पाहिजे. स्टेजवर टाळ्या घेतलेल्या गिटारवाल्याला हेच सगळ्यात जड जातं. मी पाहिलेली बरीच गुणी मुलं सूर कमी पडला म्हणून मागं राहिली नाहीत, ‘माझं संगीत कापलं’ म्हणून रुसून मागं राहिली.

हे जमतंय का ते तपासायला मुंबई लागत नाही, कर्जही लागत नाही. कर्ज आत्ता काढू नकाच. आपल्याकडं एकांकिका बसवणारे कॉलेजचे ग्रुप आहेत, शॉर्टफिल्म करणारी पोरं आहेत. त्यांना पार्श्वसंगीत करून देणारा माणूस कायम हवा असतो. पैसे फारसे मिळणार नाहीत, पण दिग्दर्शकाचं ऐकायची, तालमीत चार वेळा बदल करायची आणि वेळेत काम द्यायची सवय तिथं लागते. साधा लॅपटॉप, त्याला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड, गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये घ्यायला एक ऑडिओ इंटरफेस आणि बरा हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. सोबत आठवड्यातून दोन दिवस हार्मोनियम किंवा गायन शिकू दे. देवल क्लब ही संगीताची जुनी संस्था गावातच आहे. जयपूर घराण्याचे थोर गायक अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहून गेले, तिथल्या मुलाला रागांची तोंडओळख नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठी सिनेमात काम करायचं तर ढोलकी आणि हलगीही कानात पाहिजे.

शिक्षणाचं म्हणाल, तर सीईटी त्याच्यावर लादू नका, पण बारावी सायन्स त्यानं नीट पूर्ण करावी. कारण सांगतो. पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते, आणि बारावीला फिजिक्स असावं लागतं. संगीतकार प्रीतम तिथंच साउंड शिकले. म्हणून पोरगा आज ज्या फिजिक्सला कंटाळलाय, तेच त्याला तिथं दार उघडून देईल. पदवी कुठलीही चालेल. शिवाजी विद्यापीठात संगीत विभागही आहे, तो एकदा बघून यावा. म्हणजे बारावीनंतर तीन वर्षं कोल्हापुरातच, घरचं जेवण, बँड चालू, आणि वर्षाला निदान तीन-चार एकांकिका किंवा शॉर्टफिल्म. त्यानंतरही ओढ टिकली, तर पुण्या-मुंबईचा विचार करा. तिथंही पहिलं काम संगीतकार म्हणून मिळत नाही. कुणाच्या तरी हाताखाली प्रोग्रॅमिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर वाद्यांची मांडणी, करायची, दुसऱ्याच्या गाण्यात गिटार वाजवायची, जिंगल्स करायच्या. ती कामं कमीपणाची नाहीत, घरभाडं त्यातूनच निघतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः लक्षात ठेवा, कारण मुलं इथं फसतात. माझ्याकडं येणाऱ्या एका मुलानं एका वेबमालिकेला संगीत दिलं आणि हाती पडेल त्या कागदावर न वाचता सही केली. मालिका गाजली, पण श्रेयनामावलीत त्याचं नावसुद्धा आलं नाही. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून, थिएटरातला खेळ सोडून इतर ठिकाणी संगीत वापरलं गेलं, तर संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा मिळतो आणि तो हक्क त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे. तुम्ही पर्चेस ऑर्डर वाचल्याशिवाय मटेरियल कापत नाही. त्याच्या हातात पहिला करार येईल तेव्हा त्याच्या शेजारी बसा आणि ओळन् ओळ वाचा.

तोवर त्याला माझ्याकडून एक काम द्या. तुमच्या वर्कशॉपचं एक मिनिटाचं चित्रण करायचं: शटर उघडणं, लेथ सुरू होणं, तुमचे हात, पार्ट मोजणं. त्याला संगीत द्यायचं, लेथचा रेकॉर्ड केलेला आवाज वापरायचा आणि गिटार जास्तीत जास्त दहा सेकंद. आधी तुम्हाला दाखवू दे. एखादी जागा खटकली तर स्पष्ट सांगा, आणि तो ती बदलून आणतो का बघा. मग दोघं मिळून मला पाठवा.