क्रोशा हातात घेतला की लेखन चुकवल्यासारखं वाटतं?

"लिहायचं सोडून मी विणत बसते. ही पळवाट तर नाही ना?" समुपदेशनासाठी येणारी लिहिणारी माणसं मला हे फार वेळा विचारतात. कुणाला बागेचा नाद असतो, कुणाला मातीकामाचा. अपराधी वाटणं तेच.

सुनंदाताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) इंदूरला रामबागेत राहतात. पूर्वी दिवाळी अंकांत त्यांच्या कथा यायच्या. अलीकडे एकही पूर्ण होत नव्हती. राजवाड्याकडच्या बाजारात गेल्या की दोऱ्याची रिळं मात्र हटकून घ्यायच्या. घरात ऐकावं लागे, "एवढ्या वेळात कादंबरी झाली असती." ते त्यांना फार लागलं होतं.

मी आधी झोपेची, भुकेची चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच, अगदी आवडत्या विणकामातही गोडी वाटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. ताईंचं तसं नव्हतं. क्रोशाचा विषय निघाला की चेहरा खुलायचा.

बोलता बोलता त्यांनी पिशवीतलं थालपोस, म्हणजे ताटावर घालायचं विणलेलं झाकण, काढलं. विणताना मध्येच थांबून बोटाने खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, मोजले. दोन फेऱ्या खाली एक खांब सुटला होता. त्यांनी सरळ दोरा ओढला, दोन्ही फेऱ्या उसवल्या आणि पुन्हा सुई चालू केली.

"एवढं उसवलंत, वाईट नाही वाटलं?"

"त्यात काय मॅडम, दोरा कुठे जातोय?"

"आणि कथेचं पान?"

त्या जरा थांबल्या. "पहिलं वाक्य मनासारखं झाल्याशिवाय मी दुसरं लिहीतच नाही."

अडचण इथे होती. थालपोस कुणी तपासायला येत नाही. कथा लिहायला घेतली की संपादक, ओळखीचे वाचक, स्वतःचं जुनं नाव, सगळे आधीच समोर येऊन बसतात.

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाचे टप्पे मांडले, त्यात तयारीनंतर उबवण येते: विषय बाजूला ठेवायचा, मन आतल्या आत काम करतं. हात गुंतलेले असताना सुचतं, हा अनुभव पुष्कळांचा आहे. रवींद्रनाथ हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी जोडून आकृत्या काढत. त्यातूनच त्यांची चित्रकला वाढली आणि १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शन भरलं. त्या खाडाखोडीला कुणी वेळेचा अपव्यय म्हणेल का?

विणणं बंद करा, असं मी मुळीच सांगितलं नाही. दोऱ्याच्या डब्यात एक छोटी वही ठेवायची, सुचेल ते टिपायचं. सकाळी अर्धा तास कच्चं लिहायचं आणि खोडलेलं पान फाडायचं नाही. यजमानांनाही एकदा बोलावून घेतलं. कादंबरीचं ते वाक्य बंद करायचं, एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

सुरुवातीला वहीत नुसती वाणसामानाची यादी असायची. नंतर एका माहेरवाशिणीचे संवाद येऊ लागले. आता कथा बरीच पुढे गेली आहे. शेवट दोनदा बदलून झालाय, अजून पटलेला नाही. पुढच्या भेटीला दोन्ही शेवट घेऊन या, असं मी सांगितलंय.