इलेक्ट्रॉनिक आणि इलेक्ट्रोअकौस्टिक संगीत ऐकायला सुरुवात करायची आहे, कोणती ध्वनिमुद्रणं ऐकावीत?

टेक्नो आवडतं, पण त्याआधीचं स्टुडिओतलं संगीत लावलं की पाच मिनिटांत कंटाळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. इलेक्ट्रोअकौस्टिक म्हणजे मुद्रित केलेल्या खऱ्या आवाजांवर स्टुडिओत प्रक्रिया करून रचलेलं संगीत. माझा पहिला सल्ला: सालवारीने ऐकू नका. मूळ आवाज ओळखू येतो अशा कृती आधी घ्या, तो हरवत जातो अशा नंतर.

सुरुवात जोनाथन हार्वीच्या 'मोर्तुओस प्लांगो, वीवोस वोको'ने करा (१९८०, साधारण ९ मिनिटं). मूळ आवाज दोनच: विंचेस्टर कॅथीड्रलची मोठी घंटा आणि हार्वींच्या मुलाचा गाता गळा. पॅरिसच्या 'इरकाम' या संगीत-संशोधन संस्थेत संगणकावर घंटेच्या नादाची फोड करून त्यातल्या आठ उपस्वरांवर (एका नादात दडलेल्या वेगवेगळ्या स्वरांवर) आठ भाग उभे केले आहेत. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ऐकायची सवय असेल, तर या रचनेचं मर्म लगेच हाती लागेल. सलग तीनदा ऐका. तिसऱ्यांदा फक्त एवढंच शोधा: मुलाचा आवाज कुठे संपतो आणि घंटा कुठे सुरू होते.

मग लुक फेरारीचं 'प्रेस्क रियँ नंबर १' (१९७०, सुमारे २१ मिनिटं). आजच्या क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या व्हेला लुका गावातली पहाट: बोटीचं इंजिन, माणसांची बोलणी, शेवटी चढत जाणारी रातकिड्यांसारखी किरकिर. हे नुसतं ध्वनिमुद्रण वाटतं, पण त्यात जुळवाजुळव आणि काटछाट आहे. कुठे, ते ओळखायचा प्रयत्न करा.

खरी शाळा म्हणजे बर्नार्द पार्मेजियानीचं 'दे नातुरा सोनोरुम' (१९७५). मला एकच रेकॉर्ड निवडायला सांगितली तर ही निवडेन. पहिल्याच भागात आघात खऱ्या वस्तूचा असतो आणि त्यामागून लांबत जाणारा नाद इलेक्ट्रॉनिक; सांधा सापडत नाही. एकूण १२ छोटे भाग आहेत, एका बैठकीत सगळे ऐकू नका. दोन-दोन ऐका, पण क्रमानेच. ॲपमधला क्रॉसफेड आधी बंद करा, नाहीतर एका भागाचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळतो आणि नेमके आघातच पुसले जातात.

आता मागे जा. पियेर शेफेरचा रेल्वेवरचा अभ्यास (१९४८) जेमतेम तीन मिनिटांचा आहे. तेव्हा त्याच्याकडे टेप नव्हती, तबकड्या होत्या. तबकडीवरची खाच गोल फिरवून स्वतःतच बंद केली की तोच तुकडा फिरत राहायचा. गाडी विसरून फक्त लय ऐका. श्टॉकहाउझेनचं 'गेझांग देअर युंगलिंगे' (१९५६, १३ मिनिटं) त्यानंतरच घ्या. ते स्पीकरच्या पाच गटांसाठी रचलेलं होतं. स्टीरिओत ते दाटीवाटीचं वाटतं, म्हणून हेडफोनवर ऐका.

एलियान रादिगचं 'कियेमा' (१९८८, तासाभराचं) मात्र हेडफोनवर नको. एआरपी २५०० सिंथेसायझरवरचे लांब नाद अतिशय संथपणे बदलतात आणि खोलीत कुठे बसलात त्यावर काही कंपनं ठळक होतात, काही विरतात. स्पीकर भिंतीपासून थोडे दूर ठेवा, आवाज मध्यम ठेवा, अधूनमधून डोकं किंचित वळवून पाहा. फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर पोचतच नाहीत, मग 'यात काही घडतच नाही' असं वाटणारच. इथे घाई चालत नाही. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको.

सगळ्याच कृतींसाठी: इक्वलायझर, बास बूस्ट आणि आवाज आपोआप एकसारखा करणारी सोय बंद ठेवा. यातली शांतता आणि स्फोट यांतलं अंतर हाच रचनेचा भाग आहे. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागेवर ठरवा आणि हळू जागी वाढवू नका.

आपल्याकडची दोन नावं चुकवू नका. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. तिथे गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा आणि इतरांनी केलेलं काम २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' म्हणून निघालं. त्यातले काही तुकडे यंत्राशी ओळख करून घेतानाचे वाटतात. माझ्या मते त्यातच त्यांची गोडी आहे. दुसरं, चरणजित सिंग यांचं १९८२ चं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ (तालयंत्र), टीबी-३०३ (बास सिंथेसायझर) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) यांवर वाजवलेले राग. हे इलेक्ट्रॉनिक आहे, इलेक्ट्रोअकौस्टिक नाही, पण तुमच्या टेक्नोच्या कानाला सर्वांत जवळचं. भैरवपासून सुरू करा.