सासू-सासरे युरोपला चाललेत आणि खिसेकापूंची भीती वाटतेय, तर हे निघण्याआधी घरीच करा

ताई, सासू-सासरे मे महिन्यात ग्रुप टूरने रोम, पॅरिस, बार्सिलोना करणार, दोघंही साठीच्या पुढचे, पहिल्यांदाच परदेशात, आणि ते खिसेकापूंचे व्हिडिओ बघून तुमची झोप उडालीय. ब्लेडने न कापणारी बॅग घ्यावी का असं विचारलंय तुम्ही. बॅगेचं सांगते पुढे, पण आधी एक गोष्ट, तुम्ही लिहिलंय की "दोघांना रोज सांगतेय सावध राहा म्हणून", ते सांगून फार उपयोग नाही बघा. सकाळी सहाला उठून, कोलोसियमच्या रांगेत उन्हात उभं राहून, दिवसभर चालून पाय सुजल्यावर संध्याकाळी मेट्रोत कुणीही सावध राहत नाही, तुम्ही-आम्ही पण नाही, आणि चोराला तीच वेळ हवी असते. म्हणून सावध राहण्यावर भिस्त ठेवायची नाही, सकाळी हॉटेलच्या खोलीतच अशी मांडणी करायची की संध्याकाळी लक्ष नसलं तरी फार काही जाणार नाही.

दोघांना हे कसं समजवायचं तर एसटीत चढतानाचं सांगा. सांगली स्टँडवर गर्दीच्या गाडीत चढताना काय होतं, एक हात दांडीला, एक हात पिशवीला, मागून लोटालोटी, पुढचा माणूस पायरीवरच थांबलेला, आणि नेमकं तेव्हाच पाकीट जातं. सासऱ्यांना हे लगेच कळेल, त्यांच्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. तिकडे फक्त दार मेट्रोचं असतं. पुढचा माणूस दारात मुद्दाम अडतो, मागचा लोटतो, तिसरा हात घालतो, दार बंद व्हायची घंटा वाजली की तिघंही बाहेर प्लॅटफॉर्मवर आणि आपण आत. सरकत्या जिन्याच्या शेवटी पण हेच करतात. आणि दाराजवळच्या सीटवर बसून फोन बघत असाल तर दार मिटताना फोन हिसकावून जातात, म्हणून दाराजवळ फोन काढायचाच नाही, आत सरकायचं.

रोमला टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस कित्येक वर्षं यासाठी बदनाम आहे, मेट्रोची ए लाइन पण तशीच, कारण ट्रेव्हीचं कारंजं, स्पॅनिश स्टेप्स, व्हॅटिकन सगळं तिच्यावरच येतं. पॅरिसला लूव्र म्युझियम, आयफेल टॉवरचा परिसर, मोंमार्त्र टेकडीच्या पायऱ्या आणि मेट्रोची 1 नंबरची लाइन. लूव्रमध्ये तर 2013 च्या एप्रिलमध्ये खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम बंद केलं होतं, एक दिवस म्युझियम उघडलंच नाही. बार्सिलोनाला ला रांब्ला रस्ता, सांट्स स्टेशन, सग्रादा फामिलिया चर्चच्या समोरची गर्दी. स्पेनमध्ये 400 युरोपर्यंतची साधी चोरी किरकोळ गुन्ह्यात मोडते, त्यामुळे पकडलेला माणूस बऱ्याचदा लवकर सुटतो आणि परत त्याच रस्त्यावर येतो.

चोर दिसायला कसा असतो हे विचारू नका, कारण तो टूरिस्टसारखाच असतो, टोपी, सॅक, हातात नकाशा. चेहरा-कपडे बघून अंदाज बांधाल तर भलत्यावरच संशय घ्याल आणि खरा शेजारी उभा असेल. माणसाकडे नाही, प्रसंगाकडे बघायचं. अनोळखी माणूस स्वतःहून जवळ आला, हात लावला किंवा काहीतरी हातात दिलं की थांबायचं नाही, चालत राहायचं. मोंमार्त्रला मनगटाला दोरा बांधायला येतात, एकदा बांधला की हात त्यांच्या ताब्यात. कागद-पेन घेऊन मुली येतात, सही करा म्हणतात, तो कागद तुमच्या पर्सवर आडवा धरलेला असतो. बार्सिलोनात अंगावर काहीतरी घाण उडवतात आणि दुसराच कुणीतरी टिश्यू घेऊन "पुसून देतो" म्हणत येतो, अशा वेळी स्वतःही तिथे पुसत बसायचं नाही, हॉटेलात जाऊन काय ते धुवायचं. कॅफेत टेबलावर फोन ठेवला की त्यावर नकाशा पसरून पत्ता विचारतात, नकाशा उचलला की फोन गेलेला. आणि साध्या कपड्यातला कुणी "मी पोलीस, पाकीट दाखवा" म्हणाला तर पाकीट हातात द्यायचं नाही, टूर मॅनेजरला हाक मारायची. आपली माणसं इथे फसतात ती भिडेपोटी, कुणी आपुलकीने बोललं की तोंड फिरवणं जड जातं, सासूबाईंना हे खास सांगा, तिकडे न बोलता पुढे गेलं तर कुणी उद्धट म्हणत नाही.

आता सकाळची मांडणी. आपल्याकडे जोडप्यात सगळं एकाकडेच असतं, पासपोर्ट, पैसे, कार्ड सगळं सासूबाईंच्या पर्समध्ये नाहीतर सासऱ्यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये, हे आधी मोडा. दोघांकडे वेगवेगळी कार्डं, एक कार्ड आणि थोडे युरो हॉटेलच्या तिजोरीत. दिवसाच्या खर्चाचे चाळीस-पन्नास युरो तेवढे पुढच्या खिशात, म्हणजे गेले तरी फार तर त्या रात्रीचं जेवण जाईल. बाकी सगळं आतल्या चोरखिशात. माझं मत विचाराल तर ऑनलाइन मिळणाऱ्या मनी बेल्टपेक्षा आपला टेलरच बरा, तो बेल्ट घामाने चिकटतो आणि दोन दिवसांनी बॅगेत जातो. सासऱ्यांच्या पँटला आतून कमरेशी चेनवाला खिसा, सासूबाईंच्या परकराला किंवा ड्रेसच्या सलवारीला तसाच. आपल्या आज्या हेच तर करायच्या. फक्त भर रस्त्यात तिथून पैसे काढायचे नाहीत, टॉयलेटमध्ये जाऊन काढायचे, नाहीतर बघणाऱ्याला जागा कळते.

पासपोर्टवर मी जास्त बोलणारे, कारण पैसे गेले तर वाईट वाटतं पण पासपोर्ट गेला तर टूरच संपते. पोलिसात तक्रार, मग तिथला भारतीय दूतावास किंवा कॉन्सुलेट, मध्ये शनिवार-रविवार आला तर आणखी खोळंबा, आणि घाईत मिळतं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट, त्यावर फक्त भारतात परत येता येतं. ग्रुप पुढच्या देशात निघून जातो आणि हे दोघं परक्या गावात मागे. म्हणून मुक्कामाच्या दिवशी पासपोर्ट तिजोरीत, सोबत झेरॉक्स. गाव बदलायच्या दिवशी चोरखिशात, पर्समध्ये कधीच नाही. तिजोरीतून काढायचा विसरू नये म्हणून दुसऱ्या दिवशीचा एक बूट तिजोरीशेजारी ठेवायला सांगा, हसतील पण विसरणार नाहीत. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो तुमच्याकडे ठेवा, दोन पासपोर्ट साइज फोटो त्यांच्या बॅगेत. व्हिसासाठी काढलेला इन्शुरन्स मुळात दवाखान्यासाठी असतो, चोरी त्यात येते का ते आत्ताच बघून घ्या, आणि येत असेल तरी क्लेमला पोलिसांचा कागद लागतोच.

फोनचं काम तुमचं. *#06# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, लिहून घ्या, हरवलेला फोन शोधणारं फाइंड हब (आधीचं फाइंड माय डिव्हाइस) चालू करा, यूपीआय आणि बँकेच्या ॲपना वेगळं लॉक लावा, कारण ओटीपी त्याच फोनवर येतात. बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार फक्त सोबत नेणार तेवढ्याच कार्डांवर चालू ठेवा, टॅपची आणि रोजची मर्यादा कमी करा, तिकडे टॅप करून छोटी खरेदी पिनशिवाय होते. बँकेचा टोल फ्री नंबर परदेशातून बहुतेक लागत नाही, +91 वाला नंबर शोधून कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा, फोनच गेला तर फोनमधल्या नंबरचा काय उपयोग. घड्याळ पण लक्षात ठेवा, मे महिन्यात तिकडे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे साडेअकरा, तेव्हा ते पंधरा दिवस तुमचा फोन सायलेंटवर नको.

सोनं नकोच. सराफ कट्ट्यावर केलेल्या पाटल्या नेऊन तिकडे कुणाला दाखवायच्यात? मंगळसूत्र काढायला सासूबाई तयार होणार नाहीत आणि तो आग्रह तुम्ही करूही नका, छोटं काळ्या मण्यांचं घालू द्या, वरून स्कार्फ.

आणि एवढं करूनही गेलंच तर मागे धावायचं नाही. हे लोक सहसा मारहाण करत नाहीत, त्यांना गुपचूप सटकायचं असतं, पण या वयात पळताना पडलं तर खुबा मोडेल. आधी कार्ड ब्लॉक, मग टूर मॅनेजर, मग पोलीस, तातडीचा नंबर सगळ्या युरोपात 112. जवळच्या कचराकुंड्या बघायला सांगा, रोख काढून पाकीट तिथे टाकून देतात बऱ्याचदा. आणि घरून त्यांना बोल लावू नका हो, चोरी झालेला म्हातारा माणूस पैशापेक्षा त्या बोलण्यानेच खचतो.

बॅगेचं म्हणाल तर ती ब्लेडने न कापणारी नको, महाग आणि जड, खांदा दुखला की काढून खुर्चीला अडकवतात आणि तिथून अख्खीच जाते. साधी चेनची आडवी लटकवायची पर्स पुरे, चेन पुढच्या बाजूला, जॅकेट वरून. खिशांचं मात्र आजच बघा, लग्नसराईत टेलर वेळेवर देत नाहीत आणि निघायच्या आधी आठ-दहा दिवस ते कपडे घालून बघायला हवेत.