३२ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसतंय. घरच्या घरी काही करून ते फिरेल का?

आधी घाबरणं थांबवा. ३२ व्या आठवड्यात बरीच बाळं अशीच असतात आणि पुढे आपसूक फिरतात. दिवस भरेपर्यंत पायाळू राहणारी शंभरात ३-४ च. म्हणून ‘अमुक केलं आणि बाळ फिरलं’ हे किस्से जपून ऐका, बहुतेकदा ते तसंही फिरलंच असतं.

गुडघे-छाती टेकून ओणवं राहणं, कमरेखाली उशा घेऊन पडणं, याने फिरतंच असा पुरावा नाही. चक्कर येत नसेल, बीपी ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर थोडा वेळ करून बघा. पोटाशी टॉर्च किंवा गाणी लावणं म्हणजे निव्वळ विरंगुळा. चिनी पद्धतीत पायाच्या करंगळीच्या नखाजवळ दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीची कांडी पेटवून शेक देतात, याला मोक्सा म्हणतात. त्याचा थोडा फायदा काही अभ्यासांत दिसला आहे, पण ते जाणकाराकडूनच.

पोट चोळून बाळ फिरवून देणाऱ्या बाईकडे मात्र अजिबात जाऊ नका. वार (प्लासेंटा) सुटू शकते.

३६-३७ व्या आठवड्यातही बाळ पायाळूच राहिलं तर ‘ईसीव्ही’बद्दल विचारा. डॉक्टर सोनोग्राफीत बघत, ठोके तपासत पोटावरून बाळ फिरवतात. साधारण निम्म्या वेळा जमतं. वार खाली असेल किंवा जुळं असेल तर करत नाहीत.

आणि नाहीच फिरलं तर सिझेरियन आहेच. वर गावभर पाठीत उसण भरलेल्यांना लाथ मारायला हक्काचं माणूस मिळेल!