पेशींच्या यादीने सुरुवात करू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या अभ्यासक्रमाचा आराखडा वाचला. सामान्य माणसाला मराठीतून, मोबाइलवर इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, शिकवायची हे तू मनावर घेतलंस, बरं वाटलं. पण पहिल्याच धड्यात न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी, बी पेशी, टी पेशी आणि वर त्यांचे उपप्रकार? हा आपल्या एम.एस्सी.च्या पुस्तकाचा क्रम झाला. वर्गातली मुलं ही यादी सहन करायची, कारण पुढे परीक्षा उभी होती. तुझा विद्यार्थी रात्री जेवणखाण आटोपल्यावर फोन हातात घेणार. त्याला परीक्षा नाही. कंटाळला की अंगठा फिरवेल आणि रील बघत बसेल.

मात्र त्याला काहीच माहीत नाही असं समजू नकोस. तो एक पक्की समजूत घेऊन येतो. प्रतिकारशक्ती हा त्याच्या लेखी हिमोग्लोबिनसारखा एक आकडा असतो. कमी झाला की आजारपण, आणि काढा, च्यवनप्राश, गोळ्या घेऊन वाढवला की काळजी मिटली. कोविडच्या काळात ही समजूत घराघरात रुजली आणि तिच्यावर पुष्कळांनी धंदाही केला. 'माझी इम्युनिटी किती आहे?' असं विचारत आलेला माणूस 'कशाविरुद्धची?' असं विचारत बाहेर पडला, तर तुझा अभ्यासक्रम जमला असं मी म्हणेन. इंटरल्युकिन या निरोप्या प्रथिनांचे नंबर गळाले तरी चालतील.

म्हणून पहिला धडा सर्पदंशावर घे.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं खेड्यात पोराटोरांनाही ठाऊक असतात. या चौघांवर मिळून आपल्याकडे एकच लस मिळते, तिला सगळे सापाचीच लस म्हणतात. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवत न्यायची, मग त्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी, म्हणजे विषाला चिकटणारी प्रथिनं, वेगळ्या करून कुपीत भरायच्या. आता पडद्यावर हिशेब मांड. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं धरतात. १० मिलिलिटरची एक कुपी त्यातलं ६ मिलिग्रॅम निकामी करते. सरकारी दवाखान्यात सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या का लावतात, ते इथे दिसतं. मग विचार, तीन वर्षांच्या पोराला चावली तर निम्म्या कुप्या द्यायच्या का? बहुतेक जण हो म्हणतील. उत्तर आहे, तेवढ्याच द्यायच्या. अँटिबॉडीला पोराशी देणंघेणं नाही, तिला विषाला गाठायचं आहे, आणि साप काही वजन बघून विष सोडत नाही. एवढं गळी उतरलं की अँटिबॉडीची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही.

या धड्यातून अजून बरंच निघतं, घाई करू नकोस. सह्याद्रीत चापडा हा विषारी साप चावला तर याच कुप्या उपयोगी पडत नाहीत, कारण घोड्याला चापड्याचं विष कधी दाखवलेलंच नव्हतं. यंदा लस घेऊन वाचलेल्या माणसाला पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नाग चावला, तर पुन्हा लस लागते. उसन्या अँटिबॉडी काही आठवड्यांत संपतात आणि त्या बनवायची आठवण घोड्याच्या शरीरात राहते, माणसाच्या नाही. सलाइन चालू असतानाच अंगावर पित्त उठतं, कधी श्वास लागतो, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवतात. आणि घरी गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप येतो, सांधे धरतात, लोकांना वाटतं विष अंगात राहिलं. खरं तर तोवर रुग्णाच्या शरीराने घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी तयार केलेल्या असतात. पुस्तकात हे चार वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेलं आहे. तुला ते एका माणसाच्या पायावर दाखवता येतं.

दुसरा धडा डेंग्यूच्या रिपोर्टवर. दर पावसाळ्यात हा कागद घराघरात येतो आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं वाचन होतं. एनएस-१ हा विषाणूचा स्वतःचा भाग, तो पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतो. आयजीएम ही आपण बनवलेली अँटिबॉडी, ती दिसायला साधारण पाचवा दिवस उजाडतो. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही. एवढं सांगून झालं की अवघड भागाकडे वळ. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकदा होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून काही महिनेच. नंतर दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर जुन्या अँटिबॉडी त्याला धरतात पण निकामी करू शकत नाहीत. अँटिबॉडी चिकटलेली वस्तू गिळणं हे काही पेशींचं कामच, त्या विषाणूसकट सगळं आत घेतात, आणि नेमक्या त्याच पेशींत हा विषाणू वाढतो. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर होण्याचा धोका असतो तो यामुळे. हिमोग्लोबिनसारख्या आकड्याची ती समजूत इथे मोडते. अँटिबॉडी भरपूर आहेत आणि त्याच गोत्यात आणतायत! या भागाला दोन व्हिडिओ लागले तरी दे.

किल्ला, बुरूज आणि मावळे ही उपमा मात्र नको. मराठीत या विषयावर बोलणारे बहुतेक तिथेच जातात. ती ऐकायला जोरकस आहे, पण मग आतड्यातल्या जिवाणूंना आपलं शरीर का खपवून घेतं, किंवा निम्मं बापाचं असलेलं बाळ आईच्या पोटात नऊ महिने सुखाने कसं राहतं, याला तुझ्याकडे उत्तर उरत नाही. आवरून धरणं हेही या यंत्रणेचं तितकंच मोठं काम आहे. २०२५चं वैद्यकाचं नोबेल ब्रुन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं ते याच शोधांसाठी. आमवात, थायरॉइड, लहान मुलांचा मधुमेह हे विषय त्या धड्यात येऊ देत. कार-टीबद्दल, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी (प्रतिकाराचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी) बदलून कॅन्सरवर सोडायच्या उपचाराबद्दल, लोक विचारतील, टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईमुळे ते नाव कानावर पडलंय, पण ते शेवटी. टी पेशी कळण्याआधी सांगितलं तर जादूचा प्रयोग वाटतो.

लसीचा इतिहास सांगशीलच. १४ जून १८०२ला मुंबईत अ‍ॅना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. ती लस बगदाद, बसरा करत आली होती, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर. १८९७च्या जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हेही सांग. पण तिथे थांबू नकोस, १९०२मधलं मुल्कोवालही सांग. पंजाबातल्या त्या गावात एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. हाफकिनवर ठपका आला, तो पुसला जायला १९०७ उजाडलं. लसीत दोष नव्हता, ती बाटली दूषित झाली होती. लसीला घाबरणारा माणूस तुझ्या वर्गात असणारच, आणि तू फक्त विजयाच्या कथा सांगितल्यास तर तो तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये.

प्रश्नमंजूषेत व्याख्या विचारू नकोस, अंदाज करायला लाव. आजोबांच्या दंडावर देवीचा वण आहे, त्यांना कांजिण्या होऊ शकतात का? गोवराची लस जन्मतःच न देता नऊ महिन्यांनी का देतात? (आईकडून आलेल्या अँटिबॉडी तोवर लसीतल्या विषाणूलाच जगू देत नाहीत.) मग क्षयाची बीसीजी लस जन्मल्या जन्मल्या कशी चालते? हा शेवटचा प्रश्न हुशार मंडळींसाठी. तिथे काम मुख्यतः टी पेशींचं असतं, आईच्या अँटिबॉडी फारशा आड येत नाहीत.

आणखी एक. पहिल्या आठवड्यापासून लोक स्वतःचे रिपोर्ट पाठवायला लागतील, नावासकट, कधी आईचे, कधी बाळाचे. ते बघायचे नाहीत असा नियम सुरुवातीलाच जाहीर कर आणि स्वतः पाळ. तू शिक्षिका आहेस, त्यांची डॉक्टर नाहीस. एकाला उत्तर दिलंस की उरलेले वाट बघत बसतात, आणि त्यातला कुणी दवाखान्यात जायला उशीर करतो.

सर्पदंशाचा धडा लिहून झाला की आधी कागदावर मला पाठव. एकदा कॅमेऱ्यासमोर बोलून झालं की तुला बदल करायचा कंटाळा येतो, मी ओळखते तुला.

तुझी,
मॅडम